सातव्या राउंडची पोरं

राउंड म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्रांना समजावून सांगावं लागलं नाही. चौघेही पुण्या-मुंबईचे इंजिनिअर. बारावीनंतर कॅप राउंडच्या याद्या चाळत, कट-ऑफचे अंदाज बांधत, कुठल्या कॉलेजात कुठली ब्रँच शेवटपर्यंत रिकामी राहील यावर काथ्याकूट करत मोठी झालेली ही मंडळी. पुढे ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला घरं घेतली, हिरवळ कापायची मशिनं घेतली, पण ती खाज काही गेली नाही. मग त्यांना अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट सापडला.

दर एप्रिलमध्ये तिकडचे क्लब कॉलेजातली पोरं वाटून घेतात. सात राउंड होतात, प्रत्येक राउंडमध्ये क्लब पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतो. पहिल्या राउंडचं भविष्य कोणीही सांगेल, असं आमच्याकडचं मत. टॉपरला कुठे अ‍ॅडमिशन मिळणार, यात कसली आलीय हुशारी? खरा कस शेवटच्या राउंडला. सहाव्या-सातव्या राउंडला कोणाचा नंबर लागेल, हे सांगणारा खरा. चौघांनी त्यासाठी कॉम्प्युटरवर काय काय मांडून ठेवलं होतं. पोरांची उंची, वजन, पळण्याचा वेग, हाताची लांबी. बैल बघायला गेल्यासारखं.

आमच्याकडे तो शेवटचा राउंड रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळेला येतो. मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर. शनिवारची शिफ्ट म्हणजे दिवसभर फुटीच्या, म्हणजे इथल्या रग्बीच्या, मैदानावरून आलेली पोरं. निखळलेले खांदे, आडवी झालेली नाकं, ओठातून आरपार गेलेले दात. एका रविवारी तसलीच शिफ्ट करून मी घरी आले, तर हे चौघे टीव्हीसमोर हमरीतुमरीवर आलेले. पडद्यावर एका पोराच्या धडका दाखवत होते. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाले, हा जाईल. पुढच्याचं पाहून म्हणाले, हा नाही जाणार. दोन्ही खरं ठरलं. चौघे माझ्याकडे बघतच राहिले.

त्यात जादू काही नव्हती. सातव्या राउंडचा पोरगा बॉल हातात द्यायला कोणी घेत नाही. त्याला किकऑफसाठी घेतात. बॉल लांब उडवला की जीव खाऊन पळत सुटायचं आणि समोरून तसाच पळत येणाऱ्या धिप्पाड माणसावर जाऊन आदळायचं, हे त्याचं काम. म्हणून मी त्यांच्या धडका बघतच नसे, धडकेनंतरचं बघत असे. जमिनीवरून उठताना जो आधी आपल्या मानेला, खांद्याला हात लावून बघतो, तो राहतो. जो उठतानाच आता कोणाच्या अंगावर जाऊ म्हणून मान फिरवतो, तो जातो. पहिला शहाणा असतो, म्हणूनच त्याला कोणी घेत नाही.

पुढे दरवर्षी मला सोफ्यावर मानाची जागा मिळू लागली. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हाडं मोडलेली बघायची मला सवय होती, आणि इथे ती दुसऱ्याच कोणीतरी सांधायची होती.

आमच्या शेजारी टूवूंबाकडून आलेलं एक ऑस्ट्रेलियन कुटुंब राहतं. नवरा, बायको आणि एकुलता एक मुलगा. ती बाई चाइल्डकेअरमध्ये कामाला. माझी मुलगी तिच्याच हाताखाली वाढली, आणि तिचा मुलगा माझ्या पोळ्यांवर वाढला. बारा वर्षांचा असताना तो एका बैठकीत डब्यातल्या सगळ्या पोळ्या संपवायचा आणि “थँक्स, आंटी” म्हणून कुंपणावरून उडी मारून जायचा. सतरा-अठराचा झाला तेव्हा दारातून आत येताना खांदे तिरपे करावे लागायचे त्याला. फुटीत त्याच्यासमोर यायला पोरं घाबरायची. मग अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला तिकडच्या फुटबॉलसाठी नेलं आणि आमच्या चौघा पंडितांना घरचाच उमेदवार मिळाला. त्याचे सामने ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बघायचे.

त्याचा बाप जुना खेळाडू. टूवूंबाच्या मैदानांवर पंधरा-सोळा वर्षं डोकं पुढे करून खेळलेला. आम्ही राहायला आलो तेव्हा तो आपल्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, आमचा फ्रिज आणायला मदतीला आला होता, एवढा उमदा माणूस. गेल्या काही वर्षांत त्याचं डोकं विझत गेलं. गॅरेजमध्ये जाऊन तासन्‌तास उभा राहायचा. मग एकदम काहीतरी बिनसायचं आणि हाताला लागेल ते फोडायचा. एकदा बायकोची भुवई फोडली. ती टॉवेल दाबून माझ्याकडे आली. मी जखम धुऊन पट्ट्या चिकटवत होते, एवढ्यात तो मागोमाग आला, तिच्याकडे पाहून कळवळला आणि विचारू लागला, हे कोणी केलं, मला त्याचं नाव सांग, मी त्याला सोडणार नाही. मुठी आवळलेल्या होत्या आणि बोटांच्या पेरांवर तिचंच रक्त होतं. तिने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. मी उरलेली पट्टी चिकटवली.

गेल्या जानेवारीत मुलगा सुट्टीला घरी आला. कॉलेजचा शेवटचा सीझन संपला होता, एप्रिलच्या ड्राफ्टला त्याचं नाव होतं. अंगाला जपायचं सोडून जुन्या क्लबच्या मित्रांनी बोलावलं म्हणून हा फ्रेंडली मॅचला उतरला. ऊन असं की गवतसुद्धा पांढरं दिसत होतं. आम्ही दोन्ही घरची माणसं बघायला गेलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. तो पालथा पडला, हात पुढे ताठ झाले आणि तसेच राहिले. मी पळत सुटले. मी पोचेपर्यंत तो उठला होता. कानशिलाला हातही न लावता त्याने धडक द्यायला माणूस शोधला आणि आपल्याच टीमच्या पोरावर जाऊन आदळला. मग गाडीपर्यंत दोनदा उलटी.

मी त्याची डॉक्टर नव्हते, शेजारीण होते, पण शेजारीण म्हणून त्याला मानगुटीला धरून हॉस्पिटलात घेऊन गेले. स्कॅन स्वच्छ आला. स्कॅनमध्ये असलं काही दिसतच नाही, ते त्याला मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. आठवडाभर त्याला उजेड सोसत नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात यायचा तो टोपी डोळ्यांवर ओढून. मी म्हणाले, बस झालं, आता आयुष्यात कोणाच्या अंगावर जायचं नाही. तर म्हणतो कसा, “आय अ‍ॅम गुड, आंटी. नो वरीज.” आणि फेब्रुवारीत निघून गेला.

तिकडे क्लबांचे डॉक्टर ड्राफ्टआधी पोरांना तपासतात. तिथे हे सगळं बाहेर येईल आणि कोणी याला हात लावणार नाही, या भरवशावर मी होते. मार्चमध्ये एकदा जेवताना नवरा सहज बोलून गेला, की मेडिकल मस्त पार पडली त्याची. जाण्याआधी त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, काय सांगू आणि काय नको. आणि आमच्या विद्वानाने त्याला आपलं ठेवणीतलं ज्ञान दिलं होतं.

“मी काही त्याला खोटं बोल म्हणालो नाही,” नवरा म्हणाला. “विचारतील तेवढंच सांग, स्वतःहून काही बोलू नकोस, एवढंच सांगितलं. आपल्या पीआरच्या मेडिकलला आपण तेच केलं होतं की नाही?”

केलं होतं. इथे येणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला हा मंत्र कोणीतरी कानात सांगितलेला असतो, आणि तो पुढच्याला सांगतो. व्हिसाच्या वेळी, नोकरीच्या वेळी, घराच्या कर्जाच्या वेळी. जुनं दुखणं विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प. आमच्या बाबतीत त्यात लपवायचं होतं ते म्हणजे नवऱ्याचा लहानपणीचा दमा. या पोराला अमेरिकन डॉक्टरांनी कॉलेजात झालेल्या दुखापतींबद्दल विचारलं. ब्रिस्बेनजवळच्या एका मैदानावर जानेवारीत काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचायचं कारणच नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हातातला झारा मी भिंतीवर भिरकावला, तो टाइल फोडून खाली पडला. तुला अक्कल आहे का, म्हणाले, मेंदू आहे तो, दमा नव्हे. नवरा ‘अगं, अगं’ करत राहिला. मुलगी जिन्यावरून म्हणाली, “मम, द नेबर्स कॅन हिअर यू.” ऐकू देत, म्हटलं. मी मुलाला फोन लावला, मेसेज केले. उत्तर आलं ते एका अंगठ्याचं चित्र.

एप्रिलमध्ये ड्राफ्टसाठी तो घरी आला. आईजवळ बसून नाव ऐकायचं म्हणाला. आदल्या दिवशी दुपारी त्याची आई कुंपणाशी आली. माझा अंदाज चुकत नाही, हे तिने चौघांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं.

“खरं सांग,” ती म्हणाली. “घेतील त्याला?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्याच्या शेवटच्या सीझनची फिल्म मी पाहिली होती. धडक दिल्यावर उठायचा तो माणूस हुंगत उठायचा. मी म्हणाले, घेतील. सातव्या राउंडला, अगदी शेवटी शेवटी. आणि त्याला नेमकं कशासाठी घेतील तेही सांगितलं, काही न झाकता. मग तिने विचारलं, नाव टीव्हीवर आलं की कळेल का. मी सांगितलं, नाही, आधी क्लबचा फोन येतो, नाव मागून. एवढं ऐकून ती आत गेली. गॅरेजमधून काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी आमच्या घरी जत्रा. चौघे पंडित, त्यांच्या बायका, शेजारीण आणि तिचा मुलगा. बापाला त्याच्या भावाने सकाळीच फिरायला नेलं होतं. मी पोह्यांची कढई उतरवली, एकीने पेढे आणले होते आणि ते फ्रिजमागे लपवले होते. सहावा राउंड संपला. सातवा सुरू झाला. आमची मंडळी नखं खात होती, स्वतःच्या अ‍ॅडमिशनला खाल्ली नसतील अशी. एकाचं म्हणणं की पुढच्या तीन-चार क्लबांत नंबर लागलाच पाहिजे. मी इतकी वर्षं पोळ्या खाऊ घातलेल्या पोराचा नंबर लागू नये म्हणून देवाला सांगत होते, आणि तो लागणार हे मला ठाऊक होतं.

तो स्वतः टीव्हीसमोर बसलाच नाही. डोळे दुखतात म्हणाला, आणि मागच्या अंगणात सावलीला जाऊन बसला. फोनची बॅटरी उतरली होती म्हणून तो स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावलेला. त्याची आई ओट्याला टेकून उभी होती. ती तिथेच का उभी आहे, हे माझ्याशिवाय कोणाच्या डोक्यात आलं नसावं. माझ्याही आलं ते फोन वाजल्यावर.

अमेरिकेचा नंबर. चौघे ओरडत उठले, एकजण त्याला बोलवायला अंगणाकडे धावला. तेवढ्यात तिने फोन उचलला.

“मी त्याची आई बोलतेय,” ती म्हणाली. आवाज अगदी चाइल्डकेअरमधला, मुलांना जेवायला बसवताना असतो तसा. “त्याच्या डोक्याला जानेवारीत मार लागलाय. बेशुद्ध पडला होता. तुम्हाला त्याने सांगितलेलं नाही. त्याच्या वडिलांचंही असंच झालं, ते आता मला ओळखत नाहीत. त्याला घेऊ नका.”

पलीकडून कोणीतरी काहीतरी म्हणालं. तिने “थँक यू” म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळाने टीव्हीवर त्या क्लबने दुसऱ्याच एका पोराचं नाव घेतलं.

तो आत आला तेव्हा हसत होता. आईच्या हातात फोन दिसला. कोणाचा होता, त्याने विचारलं. तिने सांगितलं. काय बोललीस, विचारलं, तर तिने शब्दन्‌शब्द तसाच पुन्हा सांगितला, त्याच आवाजात. एक अक्षर कमी केलं नाही.

त्याचं हसू जायला वेळ लागला. मग त्याने ठोसा मारला, तिच्या डोक्याच्या शेजारी, भिंतीवर. इथल्या भिंती पोकळ, हात कोपरापर्यंत आत गेला. तो उपसून काढताना कातडी सोलवटली. दुसरा ठोसा कपाटाच्या दारावर, दार बिजागरीतून सुटून लोंबू लागलं. ओट्यावरच्या पोह्यांच्या बशा त्याने एका फटक्यात झाडून टाकल्या, काचा आणि शेंगदाणे सगळीकडे. आमचे चौघे वीर काचेच्या दाराला पाठ लावून उभे. नवऱ्याच्या हातात अजून रिमोट होता. मी मध्ये घुसले. त्याच्या छातीला दोन्ही हात लावून मागे रेटायला लागले, तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली आणि मी ओट्याच्या कडेवर आपटले. त्याला ते कळलंही नाही. तो आईसमोर उभा होता, रक्ताने भरलेली मूठ तिच्या तोंडावर उगारून, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा ओरडत होता, की हे एकच माझं होतं, तू तेच घेतलंस.

ती हलली नाही. चेहरा वर करून तिने सांगितलं, “मार.”

मूठ तिथेच राहिली. कितीतरी वेळ. पेरांवरून थेंब तिच्या ब्लाउजवर पडत होते. मी काही करू शकत नव्हते. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी इमर्जन्सीत सुरी घेऊन अंगावर आलेल्या माणसाचीही वाटली नव्हती. मग त्याने हात खाली घेतला, माझ्या घरातून बाहेर पडला आणि यूट अशी काढली की गल्लीतले कुत्रे भुंकू लागले.

माझ्या नवऱ्याच्या एका मित्राने कपाळाला हात लावला आणि पुटपुटला, “हातात आलेली सीट घालवली हिने.” मी त्याच्या थोबाडीत दिली. फाटक्या ओठानिशी, सगळ्यांसमोर, सणसणीत. त्याचं मला आजही काही वाटत नाही. मराठीत बोलला होता, तिला कळलं नसणार, पण मला कळलं होतं. तो आता आमच्याकडे येत नाही. नवरा म्हणतो, माफी माग. मी म्हणते, विचारतील तेवढंच सांगायचं असतं ना, मग त्याला आधी येऊन विचारू दे.

दुसऱ्या कुठल्या क्लबचा फोन आला नाही. ड्राफ्ट संपल्यावर उरलेल्या पोरांना क्लब थेट बोलावतात, पण असली बातमी तिकडे पसरायला वेळ लागत नाही. मुलगा टूवूंबाला काकाकडे गेला. तिथे एका शाळेत पोरांना पळायला, पोहायला शिकवतो. गाडीने इथून फार लांब नाही, पण घरी येत नाही. आईचा फोन उचलत नाही. माझाही नाही. हात शिवायला कोणाकडे गेला, तेही मला कळलं नाही. भिंतीला नवऱ्याने नवा तुकडा बसवलाय, रंग थोडा वेगळा दिसतो. बापाला आता केअर होममध्ये ठेवलंय.

परवा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ती कुंपणापाशी आली. मुलगा आदल्या दिवशी आपले उरलेले कपडे आणि सायकल न्यायला आला होता, म्हणाली. मला वाटलं, चला, काहीतरी सुटलं. तर तसं नव्हतं. तो अंगणातच उभा राहिला, घरात पाऊल ठेवलं नाही. आणि त्याने त्या रविवारचं सगळं तिला ऐकवलं. ती कुठे उभी होती, कुठला ब्लाउज घातला होता, फोनवरचं आधी काय बोलली आणि मग काय, पुढे तो स्वतः काय म्हणाला आणि ती काय म्हणाली. मेलो तरी विसरणार नाही, म्हणाला, आणि सायकल यूटमध्ये टाकून गेला.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. तिने मला हाताने थांबवलं.

“एक शब्द चुकला नाही त्याचा,” ती म्हणाली. “इतके महिने झाले, तरी सगळं जसंच्या तसं. हे चांगलं आहे ना? तू डॉक्टर आहेस. सांग मला.”

मी म्हणाले, हो. फार चांगलं आहे.

मग केअर होमला जायची वेळ झाली म्हणून ती गाडीची किल्ली आणायला आत गेली.